तुळजा, लेव्हल एकतीस

१० मार्च २००२, रविवार

वही कंपनीची आहे. पहिल्या चार पानांवर ज्वारीच्या उगवण चाचणीचे आकडे आहेत, ते तसेच राहू दिले. पाचव्या पानापासून माझं.

लिहायला बसलो कारण आज अप्पारावांनी बोलावलं होतं. अप्पाराव म्हणजे दैनिक शिवारवाणीचे संपादक. त्यांच्या रविवारच्या पुरवणीत दोन वर्षं मी कम्प्युटरविषयी लिहितो. पोटापाण्याला बियाण्याच्या कंपनीत प्रयोगशाळा सहायक आहे, पण जालन्यात दोन माणसं मला ओळखतात ती त्या लिखाणामुळे. थॉर्नमूर नावाच्या गेमवर लिहिलं तेव्हा अकरा पत्रं आली होती. अकराही जपून ठेवली आहेत.

आता त्या गेमचा दुसरा भाग आलाय. अप्पाराव म्हणाले, "शेजूळ, ह्याच्यावर महिनाअखेर लिहून द्या. अन् ऐका, मेपासून पुरवणी रंगीत करून राह्यलो आपण. कम्प्युटरला अर्धं पान. पण लिहिणारा एकच ठेवायचाय. तुमचंच नाव डोक्यात हाय, पण बघू."

पण बघू म्हणजे काय? दोन वर्षं फुकट लिहिणाऱ्या माणसाला कोणी पण बघू म्हणतं का? घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. अर्धं पान, रंगीत, वर धर्मराज शेजूळ असं नाव. मला ते पाहिजे. एवढं सरळ मी कोणाजवळ बोलणार नाही, म्हणून इथं लिहितोय.

गेमची सीडी वसंता देणार आहे. वसंता माझा शाळेपासूनचा दोस्त, स्टेशनजवळ त्याचं सायबर कॅफे आहे. तोही मधून मधून म्हणतो की मी पण लिहू शकतो. म्हणणं सोपं असतं.

१३ मार्च

सुरुवात केली. तलवारवाला, धनुर्धारी आणि मांत्रिक, यांतला एक निवडायचा आणि त्याला नाव द्यायचं. मी तलवारवाला घेतला, नाव धर्मराज. गोष्ट अशी की पहिल्या भागात ज्या राजाला मारलं त्याच्या मुलखात आता नुसती राख आहे. गावं ओस, विहिरी कोरड्या. नदीवर एक पूल, पलीकडं सगळा गेम. पुलावर एक दगडी राखणदार उभा असतो. मला त्यानं नऊ वेळा मारलं.

आठव्या वेळी बायको, गिरिजा, चहा घेऊन आली आणि पाठीमागं उभी राहिली. म्हणाली, "अहो, त्याच्या पायाशी भांडं हाय न? रिकामं दिसून राह्यलं."

बायकांना कुठंही गेल्या तरी भांडीच दिसायची. तिला म्हटलं, हे लढाईचं काम आहे. ती म्हणाली, "असंल बाप्पा," आणि कप घेऊन गेली.

१६ मार्च

नळाला आठव्या दिवशी पाणी आलं. गिरिजानं सगळी भांडी अंगणात मांडली होती, पाय ठेवायला जागा नाही. लग्नात सासऱ्यांनी, काकासाहेबांनी, हंड्यापासून तांब्यापर्यंत सगळं दिलं आणि एकूण एक भांड्यावर नाव घातलं. जणू मी मोडीत घालणार होतो. बारा वर्षं झाली, मी कधी वाचायच्या फंदात पडलो नाही. पाणी भरणं हा तिचा प्रांत.

राखणदार मेला नाही.

२१ मार्च

आज एक विचित्र गोष्ट दिसली. अर्धवट राहिलेला खेळ पुन्हा उघडायच्या यादीत माझ्या धर्मराजखाली आणखी एक नाव आहे. इंग्रजी अक्षरांत, तुळजा. धनुर्धारी. लेव्हल सात. मी अजून चारवर.

सात म्हणजे पूल ओलांडलेला आहे.

घरात गिरिजा आणि सहा वर्षांची सोनू. गिरिजा कम्प्युटरला फक्त कव्हर घालते, स्वतः विणलेलं, आणि दर सोमवारी ते धुते. सोनूला अजून नुसतं अ आ येतं. मग हा कोण? मी नऊ ते सहा कंपनीत असतो.

सरळ विचारलं असतं, पण विचारलं तर मी चारवर अडकलोय हे कळणार. गिरिजाला नुसतं म्हटलं, "दिवसा कोणी आलं होतं का?"

"कोन यील उन्हाचं? गिरणीवाला आल्ता, पीठ देऊन गेला."

गिरणीवाला धनुर्धारी नाही.

२४ मार्च, रविवार

उलगडलं. वसंताच्या आईचं नाव तुळजाबाई. कॅफेत बसून खेळतो तेव्हा तो आईचं नाव लावतो, मी स्वतः पाहिलंय, म्हणतो आईच्या नावानं यश येतं. तसं आपल्याकडं दर चार घरांत एक तुळजा निघते, पण माझ्या घरातला कम्प्युटर उघडणारा एकच. यूपीएस त्यानंच बसवला. बिघडलं की तोच येतो, आणि गिरिजा दार उघडते कारण तो वसंता भावजी.

म्हणजे माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून तो गेम पूर्ण करतोय. त्याच्या कॅफेत गिऱ्हाईकं असतात, तिथं वेळ मिळत नाही. आणि माझ्या आधी शेवट पाहून तो अप्पारावांकडं जाणार. अर्धं पान.

आज त्याच्याकडं गेलो होतो. नेहमीसारखा हसला, चहा मागवला, विचारलं, "कुठवर गेलास?" मी म्हटलं, बराच गेलो. तो म्हणाला, "बराबर. सावकाश जाय, जल्दी काय हाय?" त्याला माहीत आहे. त्याच्या हसण्यावरून कळलं.

मला वाईट याचं वाटतं की मी त्याचा हेवा करतोय आणि तो चहा पाजतोय.

२७ मार्च

तुळजा, लेव्हल तेरा. मी चार.

इंग्रजी-मराठी शब्दकोश स्वयंपाकघरात सापडला, पिठाच्या डब्यापाशी. डबा हलत असेल म्हणून खाली ठेवायला घेतला असेल. पुस्तकांची ही किंमत.

३१ मार्च, रविवार

माझा लेख छापून आला. पूल ओलांडता आला नाही हे अर्थातच लिहिलेलं नाही. पण गेम कसा आहे हे कळायला सगळा खेळावाच लागतो असं थोडंच आहे? आम्ही शंभर दाण्यांवरून पोत्याचं ठरवतो.

मुख्य वाक्य मला स्वतःला फार आवडलंय. उतरवून ठेवतो. "हायब्रीडचं बी पहिल्या वर्षी सोनं देतं, त्याच पिकातलं बी राखून दुसऱ्या वर्षी पेरलं तर एक रोप खांद्याला लागतं, दुसरं गुडघ्याला. थॉर्नमूरचा दुसरा भाग हे असं राखलेलं बी आहे." शेवटी म्हटलं की लढाया आंधळ्या आहेत, पुलावरचा राखणदार तर जिंकताच येत नाही, बनवणाऱ्यांनी तिथं चूक केली आहे.

कंपनीत साहेबांनी वाचलं आणि पाठ थोपटली. गिरिजानं दोनदा वाचलं. मी विचारलं, "कसं झालंय?"

"लिहिलंय चांगलं," ती म्हणाली. मग पेपरची घडी घालत, "तुम्ही जेवताना नेहमी म्हनता न, फुलावर आल्याबिगर भेसळ कळत न्हाई म्हनून?"

मी म्हटलं, ते शेतातलं. हे साहित्य आहे. ती भांडी घासायला उठली.

७ एप्रिल, रविवार



पुरवणीत माझ्या लेखाच्या जागी, त्याच चौकटीत, एक पत्र छापलंय. अप्पारावांनी वर लिहिलंय, असं पत्र आम्हाला क्वचित येतं. खाली सही, तुळजा, आडत गल्ली, नवीन जालना. आडत गल्ली म्हणजे माझीच गल्ली. किती तो धीटपणा.

पत्रातलं तुकडे जुळवून उतरवतो, कारण पेपर मी फाडलाय.

"समीक्षक म्हणतात राखणदार जिंकता येत नाही. खरं आहे. त्याला जिंकायचंच नाही. त्याच्या पायाशी रिकामं भांडं आहे ते आधी बघा. पहिल्या गावात एक म्हातारी म्हणते की राजानं विहिरी बुजवल्या, तेव्हापासून पुलावरच्या माणसाला कोणी पाणी नेलं नाही. डोंगराच्या मागं एकच विहीर जिवंत आहे. तिथून पाणी आणायला दोन तास लागतात, वाटेत लढता येत नाही, कारण हात गुंतलेले असतात. लढलं की पाणी सांडतं. पाणी दिलं की तो बाजूला होतो. पहिल्या भागात मारणाऱ्याचं राज्य होतं, दुसऱ्या भागात पाणी आणणाऱ्याचं आहे. ही चूक नव्हे, हीच गोष्ट आहे. समीक्षकांनी दोन पानांवर असतानाच रोप उपटलं. भेसळ आहे की नाही हे फुलावर आल्याशिवाय कळत नाही, हे बियाण्याच्या गावात तरी सांगावं लागू नये."

वाचताना पहिली गोष्ट मनात आली ती ही की हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. दुसरी गोष्ट मनात आली ती लिहिण्यासारखी नाही.

मग विचार केला. भांड्याचं गिरिजाही बोलली होती, तेरा मार्चला, मीच वर लिहून ठेवलंय. फुलाचंही गेल्या रविवारी बोलली. म्हणजे वसंता या गोष्टी तिच्याजवळ बोलतो. माझी जेवतानाची वाक्यं ती त्याला सांगते, आणि भांड्याची गोष्ट तो तिला सांगतो. माझ्या घरात दुपारी इतक्या गप्पा चालतात आणि मला पत्ता नाही.

आजवर अर्ध्या पानाचा हेवा होता. आता दुसराच काटा लागलाय.

१० एप्रिल

गिरिजा रोज बाराच्या सुमाराला ओट्यावर उभी असते असं शेजारच्या द्वारकाबाई सहज बोलून गेल्या. पोस्टमनची वाट बघते म्हणे. बहिणीचं पत्र यायचं असेल.

सोनू जेवताना म्हणाली, "आईचे सगळे बान संपले आज." टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांनी लेकरांची डोकी फिरवली आहेत. गिरिजानं तिला जोरात घास भरवला.

तुळजा, लेव्हल बावीस.

१५ एप्रिल

आज साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारी अडीचला घरी आलो. गल्लीच्या तोंडाशीच वसंताची मोटरसायकल दिसली. आमच्या दारासमोर.

आत तो यूपीएस उघडून बसला होता. गिरिजा दारात, हातात माझा स्क्रूड्रायव्हर. सोनू जमिनीवर चित्रं काढत होती. वसंता म्हणाला, "अरे धर्म्या, आज लवकर? बॅटरी गेली राव ह्याची. मधीच बंद पडून राह्यलाय म्हनून वहिनीनं फोन केल्ता."

मी विचारलं, मधीच म्हणजे कशाच्या मधे? कम्प्युटर मी संध्याकाळी लावतो. दिवसा तो मधेच कसा बंद पडतो?

गिरिजा आणि वसंता यांनी एकमेकांकडं पाहिलं. एवढंच. पण मी ते पाहिलं.

वसंताला बाहेर काढून त्याच्या मोटरसायकलजवळ विचारलं, "तुळजा कोण?"

तो म्हणाला, "तुला न्हाई माहीत?"

"मला माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"मंग न्हाई माहीत तुला," तो म्हणाला. "मला सांगू नको म्हनून सांगितलंय, मी न्हाई सांगनार. पन धर्म्या, ज्या दिवशी कळंल न, त्या दिवशी माझ्याकडं येऊ नको तोंड दाखवायला. लाज वाटंल तुला."

मी त्याला म्हटलं की पुन्हा माझ्या घरी यायचं नाही. सव्वीस वर्षांची दोस्ती आहे. होती.

१८ एप्रिल

अप्पारावांनी कार्यालयात बोलावलं. मला वाटलं अर्ध्या पानाचं नक्की झालं. त्यांनी टेबलावरून एक बंद पाकीट माझ्याकडं सरकवलं. वर नाव, तुळजा, आडत गल्ली.

"घर नंबर दिला न्हाई त्यांनी," ते म्हणाले. "तुमचीच गल्ली हाय न? शोधून देऊन टाका. पोस्टानं कुठं फिरवीत बसू? तीस तारखेच्या आत भेटायला बोलावलंय. तीसला पुरवणीचं बिलकुल फायनल करायचंय."

"आणि माझं?"

"तुमचं बघू न, शेजूळ."

पाकीट घेतलं. शोधून देतो म्हणालो.

कंपनीत येऊन ते माझ्या खणात ठेवलं, कापसाच्या नमुन्यांच्या पुड्यांखाली. फाडलं नाही, उघडलं नाही. देणार नाही असंही ठरवलेलं नाही. फक्त आज दिलं नाही.

२२ एप्रिल

आज पण दिलं नाही. खण उघडला की पाकिटाचा कोपरा दिसतो. त्यावर मक्याची पुडी ठेवली.

गिरिजा हल्ली गप्प असते. बारा वाजता ओट्यावर जाणं चालू आहे, हे द्वारकाबाईंनी पुन्हा सांगितलं. आज पोस्टमनला दोनदा विचारलं म्हणे. बहीण एवढं काय लिहिणार आहे कोण जाणे.

२५ एप्रिल

करू नये ते केलं.

ती भाकरी थापत होती. मी विचारलं, मी कंपनीत असतो तेव्हा वसंता किती वेळा येतो.

तिचा हात थांबला. म्हणाली, "तुमच्या मनात काय हाय ते पुरं बोला."

"मनात काही नाही."

"मंग तोंडात कसं आलं?"

भाकरी तव्यावर करपली. एरवी ती करपू देत नाही. जेवायला वाढलं, स्वतः बसली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "मंगळवारी अंगारकी हाय. मी रविवारीच राजूरला जाते. सोनूला पन नेते."

तिचं माहेर राजूरचं आहे, दर अंगारकीला गणपतीला जातेच. पण आदल्या दिवशी जाते. दोन दिवस आधी नाही.

२८ एप्रिल, रविवार

गेली. मी कंपनीच्या कामाचं सोंग करून बसस्टँडवर गेलो नाही. सोनूनं हात हलवला असेल.

घरात एकटा असल्यावर पहिली गोष्ट काय केली तर कम्प्युटर लावला. तुळजा, लेव्हल एकतीस. पुढं लिहून आलं की खेळ पूर्ण.

मी अजून चारवर. मग एक केलं. पत्रात लिहिलं होतं तसं डोंगरामागची विहीर शोधली, भांडं भरलं आणि चालायला लागलो. वाटेत एक लांडगा आला. मी तलवार काढली. पाणी सांडलं.

सहा वेळा सांडलं. सातव्या वेळी मशीन बंद केलं.

२९ एप्रिल

सकाळी सातला नळ आला. दोन दिवस आधीच. गल्लीत आरडाओरड झाली, तेव्हा लक्षात आलं की भरणारं घरात कोणी नाही.

भांडी बाहेर काढली. कुठलं आधी लावायचं, कुठलं पिण्याचं, कुठलं वापरायचं, काही माहीत नाही. धार करंगळीएवढी. मोठा हंडा भरायला पंधरा मिनिटं लागतात हे मला आज कळलं. पंधरा मिनिटं माणूस काय करणार? हंड्याकडं बघत बसणार.

हंड्याच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे. झिजलंय, पण वाचता येतं.

चि. सौ. कां. तुळजा हीस लग्नात भेट. काकासाहेब पुंगळे, राजूर. १९९०.

मी घागर उचलली. तुळजा. कळशी. तुळजा. परात, तांब्या, पाच पेले. ज्या पेल्यानं मी रोज पाणी पितो, बारा वर्षं, त्याच्या बुडाशी.

हंडा भरून वाहायला लागला तेव्हा द्वारकाबाई ओरडल्या की पाणी चाललं.

मग एकेक आठवत गेलं. माहेरी तिला सगळे आक्का म्हणतात, थोरली म्हणून, त्यामुळे ते नाव माझ्या कानावर कधी पडलं नाही. पण लग्नपत्रिकेत होतं. लग्नात ताटभर तांदूळ पसरून माझ्या हातात अंगठी दिली आणि भटजी म्हणाले, नाव लिहा. मी गिरिजा लिहिलं. ते नाव मी कुठून आणलं होतं तेही आज आठवलं, पण इथं लिहीत नाही. जुनं नाव काय होतं हे विचारायचं मला सुचलंच नाही. कोणी विचारत नाही. तांदूळ मागाहून शिजवून टाकतात.

लेव्हल एकतीस. शब्दकोश. बाण. पोस्टमन. ओटा.

पाकीट.

३० एप्रिल, मंगळवार. राजूर

वही बरोबर आणली आहे. लिहिल्याशिवाय आजचा दिवस माझ्या डोक्यात बसणार नाही.

सकाळी कंपनी उघडायच्या आधी वॉचमनकडून प्रयोगशाळा उघडून घेतली आणि पाकीट काढलं. अंगारकीमुळे राजूरच्या गाड्या भरून वाहत होत्या, बारापर्यंत एकीतही चढता आलं नाही. दीड तास उभ्यानं आलो. देवळाची रांग पार रस्त्यापर्यंत, तिला वळसा घालून सासरवाडीला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

ती पडवीत बसून संध्याकाळच्या उपास सोडण्याचे तांदूळ निवडत होती. सासूबाईंनी पाणी दिलं आणि आमच्या दोघांची तोंडं बघून सोनूला घेऊन आत गेल्या.

पाकीट तिच्यासमोर ठेवलं. तिनं वरचं नाव वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं की अठरा तारखेपासून माझ्याकडं होतं. बारा दिवस खणात ठेवलं. मला वाटलं की तुळजा म्हणजे वसंता.

"रोज इचारत होते मी पोस्टमनला," ती म्हणाली. "त्याला वाटलं आसंल, बाई येडी झाली."

मला म्हणायचं होतं की चुकलो. पण तो शब्द लहान वाटायला लागला. मी परातीतले तांदूळ हातानं सारखे केले आणि बोटानं लिहिलं, तुळजा.

तिनं पाहिलं. चांगलं वाचलं. मग परात हलवली आणि तांदूळ पुन्हा विस्कटून खडे वेचायला लागली.

"तांदळात कशाला लिव्हता?" ती म्हणाली. "तिथं एकदा लिहिलंच की तुम्ही. जिथं लिहायचं तिथं लिहा."

तिनं पाकीट उघडलं. वाचलं. अर्ध्या पानाबद्दल होतं, तीस तारखेच्या आत भेटा, असं. ती म्हणाली, "आज तीसच हाय न?"

परतीच्या गाड्याही तशाच भरलेल्या, जालन्याला वेळेत पोचणं शक्य नव्हतं. देवळापाशी एसटीडी बूथ आहे. मी पुढं, ती मागं, गर्दीतून गेलो. वाटेत मी विचारलं की कधी शिकलीस हे सगळं. म्हणाली, "तुम्ही खेळताना मागं चहा घेऊन उभी राह्यची न मी. पहिल्या भागाला सगळा चहा गार झाला तुमचा." इंग्रजी शब्दांना शब्दकोश लागायचा. एकदा सीडी अडकली तेव्हा वसंताला फोन केला, त्यानं ओळखलं. "त्याला मीच म्हनले सांगू नका. तुमचं अर्धं पान होऊन जाऊ द्या, मंग सांगू."

"मग पत्र का लिहिलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही खोटं लिहिलं व्हतं."

फोन मी लावला. अप्पारावांना सांगितलं की तुळजा सापडल्या. उशीर झाला तो माझ्यामुळे झाला, त्यांच्यामुळे नाही. ते म्हणाले, "बरं झालं सापडल्या. मी वाटच पाहून राह्यलो. कुठं राह्यतात, कोन हायेत?"

"माझ्या घरी राहतात," मी म्हणालो. "माझी बायको आहे."

मग म्हणाले, "मंग शेजूळ, तुमचं काय?"

मी म्हणालो, बघू.

मग फोन तिच्याकडं दिला. ते नाव विचारत असावेत, पानावर काय टाकायचं म्हणून, कारण ती म्हणाली, "नुसतं तुळजा टाका." पुढं गेमचं बोलणं सुरू झालं. विहीर, म्हातारी, शेवटच्या राजाचं काय होतं. मला शेवट माहीत नाही, म्हणून बाहेर येऊन उभा राहिलो.

उद्या वसंताकडं जायचं आहे. तोंड दाखवू नको म्हणालाय, तरी जायचं आहे. काय बोलायचं ते तिलाच विचारीन.

हेवा गेला असं लिहिलं तर ते पण खोटं होईल. काचेतून ती दिसत होती, पदर खोचलेला, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं हवेत काहीतरी दाखवत होती, जणू अप्पारावांना दिसतंय. मी घड्याळ लावून पाहिलं. ती बावीस मिनिटं बोलली. माझ्याशी अप्पाराव दोन मिनिटांच्या वर कधीच बोललेले नाहीत.